हुक्केरी मॅडम आणि मधली भिंत

एखादं माणूस आपल्याला धक्का देतं ते बहुतेक वेळा एकदाच. मग त्याची सवय होते. हुक्केरी मॅडमच्या बाबतीत मला ती सवय कधी झालीच नाही. आता ह्या बाईंचा अंदाज आला असं वाटावं, आणि त्यांनी असं काही करावं की समोरच्याचं तोंड उघडं ते उघडंच राहावं. त्यांना कंपनी सोडून बराच काळ झाला, तरी त्यांची आठवण निघाली की मी अजून सावरलेली नाही असंच मला वाटतं.

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा टर्बोचार्जरचा कारखाना. मी आजऱ्याहून तिथं नोकरीला आले. पहिल्या सकाळी मला मागच्या अंगाच्या टेस्टिंग शेडमध्ये पाठवलं. दार उघडलं आणि आवाजानं मी दोन पावलं मागेच आले. शिट्टीसारखा, पण पोटात शिरणारा आवाज. काचेच्या अलीकडे एक बाई उभ्या होत्या. कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या, त्याखालून डोकावणारा अबोलीचा गजरा, इरकली साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि हातात कडक भाकरीचा तुकडा. त्या आकडे बघत होत्या आणि भाकरी चावत होत्या. कुणाला तरी डबा द्यायला आल्या असतील आणि गंमत बघत थांबल्या असतील, असं मला वाटलं.

त्यांनी एक बटण दाबलं, आवाज हळूहळू खाली उतरला. कानांवरच्या टोप्या गळ्यात ओढत त्या माझ्याकडे वळल्या.

"तू आजऱ्याची नव्हं? काजू आणलीस का?"

"नाही... म्हणजे पहिलाच दिवस..."

"मग उद्या आण. मी शैलजा हुक्केरी. हितली मुख्य मीच हाय. डॉक्टर म्हणू नगंस, लोक गोळ्या मागत्यात."

तो माझा पहिला धक्का. टर्बाइनवर परदेशात संशोधन करून आलेल्या डॉ. हुक्केरींचं नाव मी कॉलेजात ऐकलं होतं. ते नाव असं बोलेल आणि असं दिसेल असं स्वप्नातही नव्हतं.

त्या मूळच्या गडहिंग्लजकडच्या. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मला त्या 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटी बहीण, म्हणून पुढे मीही त्यांना 'अक्का' म्हणू लागले. स्वतःविषयी बोलताना आमच्याकडच्या बायका बोलतात तसं 'मी आलो, मी केलो' असंच बोलायच्या, आणि पुण्या-मुंबईचे साहेब समोर असले तरी त्यात फरक पडायचा नाही. इंग्रजी मात्र असं बोलायच्या की तेच साहेब खुर्चीत सरळ बसायचे. यंत्र रुसलं की त्याला कानडीत शिव्या द्यायच्या. मराठीत दिल्या तर यंत्राला कळतात आणि ते आणखी बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. नवरा लवकर गेला होता, एकुलती मुलगी हुबळीला दिलेली. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, तरी संध्याकाळी सुट्टी झाली की त्या सगळ्यांच्या आधी बाहेर पडायच्या. "थकल्या डोळ्यांनी वाचलेला आकडा चुकीचाच आस्तंय," म्हणायच्या.

त्यांच्यासमोर 'साधारण' हा शब्द चालायचा नाही. कुणी म्हणालं, "मॅडम, तापमान साधारण बरोबर आहे," की त्या शांतपणे विचारायच्या, "साधारण म्हंजे तुला बरोबर वाटतंय, का ते बरोबर हाय?" हा प्रश्न ऐकून एका इंजिनिअरनं दुसरीकडे नोकरी धरल्याचं मी पाहिलं आहे.

त्यांचा विषय काय होता ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. टर्बोचार्जर म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारं चाक. एरवी वाया जाणारा गरम धूर चाकावर सोडला की चाक फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्त हवा कोंबतं. धूर ज्या कवचातून चाकावर येतो ते हाउसिंग, दिसायला गोगलगायीच्या शंखासारखं. मोठ्या ट्रकच्या इंजिनासाठी ह्या शंखात मधोमध एक भिंत असते, त्यामुळे आत येणाऱ्या वाटा दोन होतात. सहा सिलिंडर असतील तर तिघांचा धूर एका वाटेनं आणि तिघांचा दुसऱ्या वाटेनं, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याला अडवत नाही.

आता गंमत अशी, की टेस्ट करताना बहुतेक जण दोन्ही वाटांनी सारखीच हवा सोडतात. आकडे झकास येतात. पण चालत्या इंजिनात दोन्ही वाटांना एकाच क्षणी सारखा जोर नसतो. एकीकडून जोरात धक्का येतो तेव्हा दुसरी जवळजवळ रिकामी असते. अशा वेळी टर्बाइन किती घसरतं, हे शोधण्यात मॅडमचं आयुष्य गेलं.

"दोन तोंडं उघडी आसताना कोणबी चांगलंच दिसतंय की," त्या म्हणायच्या. "एक तोंड दाबून बघायचं. मग कळतंय."

हे त्या नुसतं म्हणत नसत. पुण्याच्या एका मोठ्या इंजिन कंपनीचे लोक आमचं नवं टर्बाइन बघायला आले होते. कंपनीचे मालक, त्यांना आम्ही सगळे दादासाहेब म्हणायचो, स्वतः शेडमध्ये उभे. आकडे सुंदर आले. पाहुणे खूश. दादासाहेबांनी चहाची खूण केली. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट," आणि कुणी काही म्हणायच्या आत एका वाटेचा व्हॉल्व्ह त्यांनी फिरवून बंद केला. पडद्यावरचा कार्यक्षमतेचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत घसरत खाली आला. दादासाहेबांचा चेहरा पांढरा पडला.

"हे बी आमचंच टर्बाइन हाय," मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या. "तुमच्या इंजिनावर बसल्यावर ह्येच्याशी तुमची गाठ हाय. आधी बघून घ्या."

पाहुणे गेल्यावर दादासाहेब जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि उरलेली भाकरी डब्यातून काढली. गंमत म्हणजे काम आम्हालाच मिळालं. हे असं दुसऱ्या कुणी दाखवलं नाही, असं त्या लोकांनी कळवलं.

आणखी एक प्रसंग पन्हाळ्याच्या चढाचा. नवा टर्बो बसवलेला ट्रक वाळूची पोती भरून चढावर चालवून बघायचा होता. मॅडम ड्रायव्हरच्या शेजारी, मी मागच्या बाकावर आकडे टिपत. ड्रायव्हर चढावर सारखा गिअर बदलत होता, त्यामुळे हवं ते माप मिळेना. मॅडमनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "मॅडम, चालवून बघा म्हंजे कळंल."

"व्हय? सरक मग."

मला वाटलं त्या रागानं बोलल्या. पण त्या खरंच उतरल्या, ट्रकला वळसा घालून पलीकडे आल्या, पदर खोचला आणि चाकामागे चढून बसल्या. भरलेला ट्रक त्यांनी एका गिअरवर, एका लयीत, वळणं घेत वर नेला. समोरून येणाऱ्या सहलीच्या गाडीतली माणसं वळून वळून बघत होती. मी पेन हातात धरून तशीच गोठले होते. वर पोचल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या अप्पाचे ट्रक हुते. ऊस घालायला मी जायचो. आकडं घेतलीस का?"

आकडे मी घेतले नव्हते. ट्रक खाली नेऊन आम्ही परत सगळं केलं.

पुण्याच्या त्या कामासाठी मॅडमनी हाउसिंगच्या मधल्या भिंतीचा आकार बदलला. भिंत चाकाच्या अगदी जवळ नेली आणि टोकाशी पातळ केली, म्हणजे एका वाटेचा धूर चाकावर जाण्याआधी दुसऱ्या वाटेत पळू नये. एक तोंड दाबल्यावर आकडा जो कोसळायचा तो आता थोडासाच खाली यायचा. त्या दिवशी मी मॅडमना पहिल्यांदा टाळी वाजवताना पाहिलं, स्वतःसाठीच. शिरोलीच्या लोहार काकांनी आपल्या फौंड्रीत ती पातळ भिंत ओतून दाखवली. इतकी पातळ भिंत ओतणं सोपं नव्हतं. काका पेढे घेऊन आले. दादासाहेबांनी सगळ्यांसमोर मॅडमचा सत्कार केला.

नंतर हाउसिंग तापवून-थंड करून ते किती टिकतं याची टेस्ट झाली. आमच्याकडे गरम धूर सोडणारा बर्नर एकच होता. तो दोन्ही वाटांना सारखा जोडला, हाउसिंग टिकलं, मॅडमनी सही केली. माल गेला.

पुढच्या वर्षी एका घाटात भरलेला ट्रक चढ चढता चढता ओढ सोडून मागे येऊ लागला. टर्बो फुटला होता, तेल पेटलं होतं, केबिनमध्ये धूर भरला होता. ड्रायव्हरनं ट्रक कसाबसा डोंगराच्या अंगाला टेकवला आणि उडी मारली. मागून येणाऱ्या गाड्या वाचल्या. त्याचा पाय मात्र ट्रक आणि दगडाच्या मध्ये सापडला. कोल्हापुरात आणल्यावर तो गुडघ्याखाली कापावा लागला. मारुती त्याचं नाव.

टर्बो आमच्याकडे आला. मधल्या भिंतीचा तुकडा मोडून चाकावर आदळला होता. ओतकाम सच्छिद्र होतं, असा पहिला अहवाल आला. म्हणजे दोष लोहार काकांचा. त्यांचा माल थांबवला गेला. काका दररोज कारखान्याच्या दारात येऊन उभे राहायचे, सगळ्यांना तेच सांगायचे, "माझं ओतकाम तसं न्हाय हो." कुणी त्यांच्याकडे बघायचं नाही. मॅडमही त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्या शेडमध्ये दार लावून काहीतरी करत होत्या. डबा तसाच परत जायचा.

मग बैठक झाली. दादासाहेब, पुण्याचे लोक, आमचे वकील, आणि एका कोपऱ्यात हात जोडून लोहार काका. काकांचं काम काढून घ्यायचं, एवढंच ठरायचं होतं. मॅडम दोन हाउसिंग घेऊन आत आल्या. दोन्ही मधोमध कापलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"हे घाटातलं. आणि हे नवं, मागल्या आठवड्यात मी बर्नरवर घातलेलं. ह्येचं ओतकाम क्ष-किरणातनं बघून घेतलंय, एक बी छिद्र न्हाय. दोन्ही एकाच जागी मोडल्यात."

पुण्याचे साहेब म्हणाले, "पण तुमच्या टेस्टमध्ये तर टिकलं होतं."

"त्या टेस्टीत दोन्ही वाटा सारख्या गरम हुत्या. भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखं तापवलं तर ती कशाला मोडंल? इंजिनात एक बाजू तापती, दुसरी त्या मानानं गार. भिंत मधी पिळवटती. यावेळी मी एका वाटेनं बर्नर सोडलो आणि दुसऱ्या वाटेनं गार हवा." त्या थांबल्या. "एक तोंड दाबून बघा म्हणून मी साऱ्या जगाला सांगत आलोय. आणि टिकाऊपणाच्या टेस्टला मीच बघितलो न्हाय. लोहारांची चूक न्हाय. चूक मी केलोय."

वकिलांच्या हातातलं पेन हवेतच राहिलं. दादासाहेब खुर्ची सरकवून उभे राहिले. त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं, हे सगळ्यांना दिसलं. मला वाटत होतं हे कुणीतरी थांबवावं, कुणीतरी म्हणावं की असं नसेल. पण टेबलावर ते दोन कापलेले शंख पडले होते, आणि दोन्हींतली भिंत एकाच जागी तुटलेली होती.

लोहार काकांनी जोडलेले हात सोडले. मला वाटलं ते रडतील, नाहीतर मॅडमचे पाय धरतील. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ते मॅडमच्या अंगावर जवळजवळ धावूनच गेले.

"मॅडम, हे तुम्हास्नी कवा कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी! आणि आज शुक्करवार! मी दारात उभा हुतो रोज. तुम्ही येता-जाता बघत हुतासा मला. एक फोन करायचा न्हाय व्हय? माझ्या पोराला मी सांगितलो, फौंड्री इकून टाकूया म्हणून. घरात चूल पेटली न्हाय आमच्या. आन् तुम्ही बैठकीची वाट बघत बसलासा!"

मॅडम भिंतीला टेकल्या. बैठकीत न हललेला त्यांचा चेहरा आता हलला. ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती, हे स्पष्ट दिसत होतं. त्यांना फक्त पुरावा पक्का करायचा होता.

"काका," त्या म्हणाल्या, "हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

"यायला पायजे हुतं," काका म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्या दिवशी मॅडम सुट्टीच्या आधीच घरी गेल्या. मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत चालत होते. मला राहवलं नाही. दुसरा बर्नर हवा म्हणून त्यांनी कितीदा मागणी केली होती आणि ती कशी नाकारली गेली होती, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "अक्का, बर्नरचं का नाही सांगितलंत? तुमचा एकटीचा दोष कसा?"

"सही करताना बर्नर आडवा आला न्हवता, तंगी. आत्ता एका बर्नरवर जे केलो, ते तवाबी करता आलं आस्तं. घाई हुती. आकडा छान आलता. मीच खूश हुतो."

सगळे टर्बो परत मागवले गेले. भिंत परत जाड झाली, आकडा थोडा खाली गेला. पुण्याच्या लोकांनी निम्मं काम दुसरीकडे दिलं, निम्मं आमच्याकडे ठेवलं. लोहार काकांचा माल पुन्हा सुरू झाला. दादासाहेबांनी मॅडमना काही दिवस घरी थांबायला सांगितलं, त्यांनी राजीनामाच दिला. निरोप समारंभ झाला नाही. आता शेडमध्ये दोन बर्नर आहेत. मॅडम हुबळीला मुलीकडे राहतात, फोनवर बोलणं होतं. पण त्यांना डोळ्यांनी शेवटचं पाहिलं ते कोल्हापूर सोडण्याआधी, दवाखान्यात.

मारुतीला कुणी भेटायला जायचं नाही, असं वकिलांनी सक्त सांगितलं होतं. राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमचा मला फोन आला. "दवाखान्यात जायाचं हाय. माझ्या एकटीच्यानं व्हईना. येतीस?" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मी आधी हातातल्या फोनकडेच बघितलं. मग गेले.

वॉर्डात मारुती उशीला टेकून बसला होता. पांघरुणाखाली एका बाजूला पाय होता, दुसऱ्या बाजूला पांघरूण सपाट. शेजारी त्याची बायको रंजना मोसंबी सोलत होती. मॅडमनी नाव सांगितलं आणि मग, आडपडदा न ठेवता, सगळं सांगितलं. टर्बो कुणी केला, भिंत का मोडली, कोण चुकलं. मारुतीला राग आला की नाही ते कळेना. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं माझंच काय तरी चुकलं. चढावर मी जास्त ताणलो म्हणून."

"न्हाय. तुमचं काय चुकलं न्हाय."

रंजनाच्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं होतं. ती उठून उभी राहिली.

"सांगून पाय येतोय व्हय, बाई?"

"न्हाय."

"मग कशाला आलासा?"

मॅडम खाली मान घालून उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघत होती. रंजनाचा आवाज चढला. "भाईर जावा. जावा म्हणते न्हवं!"

आम्ही बाहेर आलो. मला वाटलं आता परत जायचं. मॅडम व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "अक्का, चला." त्यांनी मान हलवली. "त्यांनी भाईर जा म्हटलंय. घरला जा म्हटलं न्हाय."

मला कामावर परतायचं होतं. त्या मला म्हणाल्या, तू जा. मी गेले, पण व्हरांड्याच्या टोकाशी थांबून मागे पाहिलं. बाकावर नातेवाइकांची गर्दी होती, डबे, पिशव्या, झोपलेली पोरं, आणि त्यांच्यात डॉ. शैलजा हुक्केरी ताठ बसलेल्या. मग वॉर्डाचं दार उघडलं. रंजना बाहेर आली. ती थेट मॅडमसमोर येऊन उभी राहिली. आता ही हात उचलणार, असं वाटून मी दोन पावलं परत फिरले.

तिनं हातातली रिकामी बाटली मॅडमपुढे धरली.

"पाणी सपलंय," ती म्हणाली. "नळ तिकडं खाली हाय. भरून आणा."

मॅडम एकदम उठल्या. मांडीवरची पिशवी खाली पडली, ती उचलायलाही त्या थांबल्या नाहीत. बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून, माणसांमधून वाट काढत, त्या जवळजवळ पळतच जिन्याकडे निघाल्या.